डिझेल पिकअपला बाहेरचा एअर फिल्टर बसवताना सेन्सर कुठे आणि कसे हलवायचे

नागपुरात एअर फिल्टर बदलायचा विषय निघतो तो बहुतेक धुळीमुळेच. कोराडी-खापरखेड्याकडची राखेची वाहतूक, उमरेड-सावनेरकडचा कोळसा, मनसरचं मँगनीज, कन्हानची रेती, आणि या सगळ्याच्या मधून वाडी, हिंगणा, बुटीबोरीला माल टाकत दिवसभर फिरणारी पिकअप. अशा गाडीचा कागदी फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी तुंबतो. मग मालक मोठा किंवा धुऊन परत वापरता येणारा फिल्टर लावायचं ठरवतो.

नुसता फिल्टर बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो जुन्या डब्यावर बसलेल्या सेन्सरांना नवी जागा देण्यात. ही जागा अशी हवी की हवेचा मार्ग बदलला आहे हे ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कळूच नये. बदलाआधी आयडलिंगला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) हवेचा जो आकडा दिसत होता तोच बदलानंतर दिसला पाहिजे. पुढचं सगळं काम या एका कसोटीवर करायचं आहे.

हा लेख एक ते दीड टन माल नेणाऱ्या, टर्बो (इंजिनमध्ये दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या बीएस-४ आणि बीएस-६ पिकअपसाठी आहे. मोठ्या ट्रकमध्ये थोडा फरक पडतो, तो त्या त्या ठिकाणी सांगितला आहे. गाडी वॉरंटीत असेल तर या कामाला हात लावू नका. इंजेक्टर, टर्बो किंवा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दावा नाकारायला एवढं एकच कारण पुरेसं होतं.

डब्यावर काय काय बसलंय ते आधी ओळखा

बोनेट उघडून फिल्टरच्या डब्यापासून टर्बोच्या तोंडापर्यंत बोट फिरवत जा आणि जे जे त्याला जोडलंय ते मोबाईलमध्ये टिपून घ्या.

पहिला एमएएफ, म्हणजे हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर. तो डब्याच्या झाकणाच्या तोंडाशी दोन स्क्रूंवर बसलेला असतो, कपलर चार किंवा पाच पिनचा. बहुतेक गाड्यांत हवेचं तापमान मोजणारा थर्मिस्टर याच्याच पोटात असतो. काही गाड्यांत तो वेगळा, दोन पिनचा, रबरी ग्रोमेटमध्ये खोचलेला सापडतो.

दुसरा फिल्टर तुंबल्याचं सांगणारा व्हॅक्यूम स्विच किंवा लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर. हा मोठ्या ट्रकवर जवळजवळ हमखास असतो, पिकअपवर कधी असतो, कधी नसतो.

तिसऱ्या गोष्टी सेन्सर नाहीत, पण विसरल्या की त्रास तेवढाच. इंजिनच्या ब्रीदरचा (आतली तेलाची वाफ बाहेर काढणारा) पाईप, टर्बोचा ॲक्च्युएटर चालवणाऱ्या सोलेनॉइडची बारीक श्वासनळी, आणि एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये कंप्रेसरचा सक्शन पाईप. हे तिन्ही बऱ्याचदा फिल्टरनंतरच्या स्वच्छ बाजूला जोडलेले असतात.

इंटरकूलरनंतर मॅनिफोल्डवर बसलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि तापमानाचा सेन्सर मात्र जागचा हलवायचा नाही. तो टर्बोच्या पुढचा, दाबाच्या बाजूचा. फिल्टरच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

फिल्टर निवडताना

बोनेटखाली उघडा राहणारा शंकूसारखा फिल्टर नागपुरात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखाली ७० सहज होतात. ४५ अंशांच्या हवेपेक्षा ७० अंशांची हवा सुमारे ७ टक्के विरळ असते. म्हणजे फिल्टर कितीही मोकळा असला तरी इंजिनला मिळणारी हवा कमीच होते. बंद डबा, बाहेरची हवा घेणारं तोंड आणि तळाशी धूळ सोडणारी रबरी चोच असलेला फिल्टरच घ्या. जागा असेल तर आधी धूळ गरगर फिरवून बाजूला टाकणारा प्री-क्लीनर लावा. राख आणि कोळशाच्या पट्ट्यात त्याचा उपयोग खुद्द फिल्टरपेक्षा जास्त जाणवतो.

दुसरं, तेल लावायचा कापडी फिल्टर टाळा. तेल जरा जास्त झालं की त्याचे बारीक कण हवेबरोबर जाऊन एमएएफच्या फिल्मवर बसतात. त्यावर धुळीचा थर चढतो आणि सेन्सर हवा कमी दाखवू लागतो. कोरडा सिंथेटिक किंवा मोठ्या क्षेत्रफळाचा कागदी एलिमेंट (डब्यातली गाळणी) घेतला की ही कटकट संपते.

सामान

एमएएफ बसवायचा पाईप (त्याबद्दल पुढे सविस्तर), आत तारेची वेटोळी असलेली रबर किंवा सिलिकॉनची होज, स्टेनलेसच्या वर्म क्लिपा सहा, एमएएफसाठी नवी ओ-रिंग, गाडीच्याच कपलरला बसणारे नर-मादी कपलर आणि थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या पिना), ०.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, वायरसाठी कॉरुगेटेड पाईप, दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. हत्यारांत टॉर्क्स बिट (बऱ्याच एमएएफला टी-२० लागतो), व्हर्निअर, मल्टिमीटर आणि चालू आकडे दाखवणारा स्कॅनर. नुसता बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर इथे उपयोगाचा नाही. थिंबल, क्लिपा, होज घाट रोडच्या ऑटो पार्टच्या दुकानांत मिळतात. जाताना जुना कपलर किंवा त्याचा फोटो घेऊन जा, कारण एकाच आकाराच्या दिसणाऱ्या पाच पिनच्या कपलरांत आतली खाच वेगळी असू शकते.

खोलण्याआधी आकडे लिहून घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि नंतर सगळ्यात जास्त पस्तावा हिचाच होतो. जुना फिल्टर स्वच्छ करा किंवा नवा टाका, इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा, आणि स्कॅनरवर हे आकडे घ्या:

- आयडलिंगला आणि २००० आरपीएमला हवेचं वस्तुमान, हवेचं तापमान आणि ईजीआर वॉल्व्हची (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या वॉल्व्हची) टक्केवारी
- मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३००० आरपीएमपर्यंत पूर्ण पेडल दाबून हवेचा सर्वांत मोठा आकडा आणि बूस्ट (स्कॅनर बघायला शेजारी दुसरा माणूस हवाच)

नंतरची तपासणी दिवसाच्या त्याच वेळी करा. सकाळी सात आणि दुपारी दोन यांत उन्हाळ्यात एवढा फरक असतो की आकडे जुळणारच नाहीत.

जुना एमएएफ मुळात बरा आहे का, हेही इथेच कळतं. २.५ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनचं एक सिलिंडर ०.६२५ लिटरचं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. ४० अंश तापमानाला इथली हवा लिटरला साधारण १.०९ ग्रॅम भरते. सिलिंडर ८५ ते ९० टक्के भरतं असं धरलं तर ईजीआर बंद असताना आयडलिंगला एका स्ट्रोकला ५८० ते ६१० मिलिग्रॅम हवा दिसायला हवी. ईजीआर उघडा असेल तर हा आकडा बराच खाली, अगदी निम्म्यापर्यंत दिसतो, त्यात बिघाड काही नाही. पण ईजीआर बंद असूनही ४५० दिसत असेल तर सेन्सर मळलेला आहे किंवा थकलेला आहे. असा सेन्सर नव्या पाईपवर चढवून दोष पाईपला देऊ नका.

साफ करायचा तर फक्त एमएएफ क्लीनरचा स्प्रे वापरा. दहा-बारा फवारे मारा, पुसू नका, हवेचा प्रेशर मारू नका, पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. पेट्रोल, कार्ब क्लीनर, थिनर चालत नाही. आतली फिल्म केसासारखी नाजूक असते आणि इअरबडच्या एका स्पर्शाने ती जाते.

एमएएफचा पाईप: मापात कसूर नको

एमएएफ सगळी हवा मोजत नाही. त्याच्या पात्याला एक छोटं तोंड असतं. त्यातून जाणाऱ्या थोड्याशा हवेवरून ईसीएम पूर्ण पाईपातल्या हवेचा हिशेब लावतं, आणि तो हिशेब मूळ पाईपच्या आतल्या व्यासावर बांधलेला असतो. व्यास बदलला की हिशेब चुकला.

समजा मूळ पाईपचा आतला व्यास ७० मिलिमीटर आहे. त्याऐवजी ७६ चा लावला तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं, तेवढीच हवा हळू वाहते आणि सेन्सर सुमारे १५ टक्के कमी दाखवतो. ६३ चा लावला तर तोच सेन्सर २३ टक्के जास्त दाखवेल. शिवाय दुकानात पाईप बाहेरच्या व्यासाने विकतात. तीन इंची म्हणून दिलेला, दोन मिलिमीटर जाडीचा पाईप आतून ७२ भरतो. म्हणजे ७० च्या जागी तो लावला की पाच-साडेपाच टक्क्यांची चूक सुरुवातीलाच आली. म्हणून व्हर्निअर आतून लावा, दोन ठिकाणी, काटकोनात.

चुकलेला आकडा पेट्रोल इंजिनमध्ये जे करतो त्याहून डिझेलमध्ये वेगळं करतो. डिझेलमध्ये ईसीएम या आकड्यावर दोन कामं चालवतं: ईजीआर किती उघडायचा, आणि धूर होऊ नये म्हणून जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचं. सेन्सर कमी दाखवत असेल तर ईसीएमला वाटतं हवा अपुरी आहे. ते ईजीआर मिटतं आणि डिझेल कापतं. रिकामी गाडी ठीक चालते, पण माल भरून चढावर तिची ओढ जाते. जास्त दाखवत असेल तर उलट होतं. ईजीआर गरजेपेक्षा जास्त उघडतो, काजळी वाढते, मॅनिफोल्ड काळा होतो आणि बीएस-६ गाडीत डीपीएफ लवकर भरून रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) वारंवार मागतो. पहिला दोष ड्रायव्हर त्याच दिवशी सांगतो. दुसरा महिनोन्महिने लपून राहतो, म्हणून तो जास्त महाग पडतो.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याच मॉडेलचं जुनं झाकण भंगारातून मिळवायचं आणि त्यातला एमएएफचा नळीचा भाग, आतल्या जाळीसकट, कापून नव्या पाईपात जोडायचा. व्यास, खोली, स्क्रूंची जागा, कोन, सगळं कंपनीचंच राहतं. कापताना जाळीच्या आधी आणि सेन्सरच्या नंतर होज चढायला ३०-३५ मिलिमीटर सोडा. प्लास्टिकचा कीस चाकूने तासून आतून गुळगुळीत करा, नंतर धुऊन वाळवा.

तसा भाग मिळाला नाही तर ॲल्युमिनियमच्या पाईपवर फ्लँज (सेन्सर टेकून बसायची सपाट पट्टी) आर्गन वेल्डिंगने लावा आणि मग पाईप लेथवर आतून मूळ मापाला करून घ्या. चार मापं लेथवाल्याला कागदावर लिहून द्या:

१. पाईपचा आतला व्यास.
२. सेन्सरच्या गोल भागासाठी छिद्राचा व्यास. तो जुन्या झाकणाच्या छिद्रावरून घ्या. ओ-रिंगवरून घेतला तर सील ढिलं राहतं.
३. फ्लँजच्या वरच्या पृष्ठभागापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर. व्हर्निअरच्या मागच्या काडीने हे नेमकं मिळतं. यात दोन मिलिमीटरची चूक झाली तरी पात्याचं तोंड मूळ जागेवरून सरकतं आणि रीडिंग बदलतं.
४. दोन स्क्रूंमधली रेषा पाईपच्या लांबीशी कोणत्या कोनात आहे. पातं हवेच्या दिशेला समांतर राहिलं पाहिजे. ते जरा तिरकं बसलं तरी तोंडात जाणारी हवा कमी होते.

वेल्डिंग आधी, आतलं मशिनिंग नंतर. उलट केलं तर वेल्डच्या उष्णतेने पाईप लंबगोल होतो. पाईपच्या दोन्ही टोकांना बाहेरून कडा उठवून घ्या, नाहीतर क्लिप कितीही कसली तरी होज सरकते. शेवटी पाईप आतून बोटाने चाचपा. कुठे ठिणगीचा दाणा किंवा कीस राहिला असेल तर तो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण पुढचा थांबा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पंख्याचा आहे.

जागा ठरवणं

वळणानंतर हवा एका बाजूला दाटते, कन्हानच्या वळणावर पाणी बाहेरच्या काठाला जोरात लागतं तशी. त्या ठिकाणी सेन्सर लावला तर आकडा पेडलबरोबर नाचत राहतो. आदर्श म्हणजे सेन्सरच्या आधी व्यासाच्या दहापट सरळ पाईप, पण पिकअपच्या बोनेटखाली ७०० मिलिमीटर सरळ जागा कुठून आणणार? व्यवहारात आधी तीनपट (७० च्या पाईपला २१० मिलिमीटर) आणि नंतर दीड ते दोनपट (१०५ ते १४०) सोडलं आणि मूळ जाळी जागच्या जागी ठेवली तर रीडिंग स्थिर येतं. ‘हवा मोकळी होते’ म्हणून जाळी काढून टाकणारे मेकॅनिक भेटतात. तिचं काम हवा सरळ करणं हेच आहे, ती काढू देऊ नका.

सेन्सरवर किंवा मूळ झाकणावर बाण असतो. तो फिल्टरकडून टर्बोकडे. उलटा बसला तर गाडी चालू होईल, पण आकडा भलताच येईल.

पातं वरून किंवा बाजूने आत यावं, कपलर वर किंवा आडवा. खालून लावला तर पावसाळ्यात पाईपात आलेला ओलावा आणि तेलाचा थेंब थेट त्यावर साचतो.

एमएएफ आणि फिल्टर दोन्ही बॉडीला पक्के करा. इंजिन सुरू-बंद होताना आणि गिअर टाकताना टर्बो १५-२० मिलिमीटर हलतो. हे हलणं झेलायला एमएएफनंतर आणि टर्बोआधी सुरकुत्यांची लवचिक होज पाहिजे. सगळं ताठ जोडलं तर काही महिन्यांत पाईप फ्लँजशी तडकतो. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून पाईप निदान १५० मिलिमीटर लांब ठेवा. तेवढी जागा नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा.

तापमानाचा सेन्सर वेगळा असेल तर तो एमएएफच्या नंतर किंवा डब्याच्या स्वच्छ बाजूला, हवेच्या मुख्य प्रवाहात, बसवा. त्याचं टोक हवेत पाहिजे, गरम ॲल्युमिनियमला टेकलेलं नको. म्हणून तो नेहमी रबरी ग्रोमेटमधून घाला. धातूच्या पाईपात थेट आटे पाडून लावला तर तो हवेचं नाही, पाईपचं तापमान सांगतो.

काम सुरू

चावी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. टर्बोचं तोंड मोकळं झालं की लगेच स्वच्छ कापड लावून वर टेप मारा. कापड आत सरकणार नाही एवढं मोठं घ्या. एमएएफ काढताना कपलरची पाकळी दाबून सरळ ओढा, वायर धरून नाही. सेन्सर काढला की झिप पिशवीत ठेवा, डॅशबोर्डवर उघडा टाकू नका.

सेन्सर नव्या पाईपात बसवताना ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं हलकं बोट लावा आणि सरळ दाबा. स्क्रू हाताच्या छोट्या पेचकसने टेकल्यावर जेमतेम पाव फेरा. प्लास्टिकमध्ये २ न्यूटन-मीटरच्या वर गेलात तर आटे जातात. क्लिपा वाकलेल्या जागी न लावता पाईपच्या उठवलेल्या कडेच्या मागे लावा.

वायर लांबवायची असेल तर मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापू नका. एका टोकाला नर, दुसऱ्याला मादी कपलर लावून एक्स्टेंशन तयार करा. गाडी परत मूळ स्थितीत आणायची वेळ आली तर ते एका मिनिटात निघतं, आणि दोष शोधतानाही एक्स्टेंशन बाजूला करून थेट तपासता येतं. लांबी लागेल तेवढीच, शक्यतो ४० सेंटीमीटरच्या आत. थिंबल क्रिंपिंग पक्कडने दाबा, साध्या पक्कडने चेपून डाग (सोल्डर) देऊ नका, कारण डाग दिलेल्या जागेच्या काठाशी वायर कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. पिनचे क्रमांक दोन्ही कपलरांवर कोरलेले असतात. रंगावर विसंबून न राहता प्रत्येक पिन मल्टिमीटरने आरपार तपासा. १२ व्होल्टची वायर ५ व्होल्टच्या जागी गेली तर सेन्सर जातो आणि ईसीएमही जाऊ शकतं. वायर अल्टरनेटरच्या जाड केबलबरोबर आणि इंजेक्टरच्या वायरिंगबरोबर बांधू नका. कपलरच्या आधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी कपलरात न जाता तिथून ठिबकेल.

बॅटरी जोडा, चावी चालू, इंजिन बंद. पाच पिनच्या ॲनालॉग एमएएफमध्ये सिग्नलच्या वायरवर साधारण १ व्होल्ट मिळतो. ०.१-०.२ किंवा थेट ५ व्होल्ट दिसले तर वायरिंग तपासा. डिजिटल सेन्सर फ्रिक्वेन्सी देतो, त्याला व्होल्टचा हिशेब लागू नाही, तिथे स्कॅनरवरच बघा. थर्मिस्टर कपलर काढून मोजला तर २० अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि ४० अंशांना सव्वा किलोओहमच्या आसपास येतो. तापमान वाढतं तसा रोध उतरतो.

व्हॅक्यूम स्विच, ब्रीदर, कंप्रेसर

फिल्टर तुंबल्याचा स्विच फिल्टरनंतर आणि टर्बोआधी, सरळ भागात. छिद्र आतून भिंतीशी समतल हवं, कडेला कीस नको. वळणाच्या आतल्या बाजूला लावला तर वेगाने जाणारी हवा तिथे जास्त व्हॅक्यूम दाखवते आणि फिल्टर चांगला असताना दिवा लागतो. हे स्विच साधारण ५ ते ६.५ किलोपास्कलला चालतात. नव्या फिल्टरसाठी नवा स्विच घेतला तरी आकडा जुन्याचाच ठेवा, कारण मर्यादा टर्बोची आहे, फिल्टरची नाही.

ब्रीदरचा पाईप एमएएफनंतर जोडायचा. आधी जोडला तर इंजिनच्या तेलाची वाफ सेन्सरवर बसते. तो बाहेर मोकळा सोडून पाईपवरचं छिद्र फडक्याने बुजवलेलं दिसतं. हे करू नका. धूळ थेट टर्बोत जाते आणि तेलाची वाफ बोनेटखाली पसरते. सोलेनॉइडची बारीक नळी आणि ट्रकच्या कंप्रेसरचा सक्शन फिल्टरच्या स्वच्छ बाजूला परत जोडा. मूळ गाडीत ते एमएएफच्या आधी होते की नंतर, हे फोटोत बघून तसंच ठेवा. कंप्रेसरला धुळीची हवा मिळाली तर त्याच्या रिंगा घासतात आणि तेल ब्रेकच्या टाक्यांत उतरू लागतं.

गळती

फिल्टरनंतरच्या बाजूला सुईएवढं छिद्र असलं तरी ते व्हॅक्यूमने धूळ आत ओढतं. राखेचे कण तर इतके बारीक की टर्बोच्या पंख्याची धार त्यांनी बोथट होते आणि पुढे रिंगा-लायनर घासतात. तपासायला फिल्टरचं तोंड रबरी टोपीने बंद करा, तिच्यातून जास्तीत जास्त ०.२ बार हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. फेस आला तिथे गळती. दाब याच्या वर नेऊ नका, ब्रीदरमार्गे तो इंजिनच्या ऑइल सीलवर जातो.

आता टर्बोच्या तोंडातलं कापड काढलंय याची खात्री करा, जोडणी पूर्ण करा, जुने कोड मिटवा आणि इंजिन चालू करा.

आधी लिहिलेले आकडे समोर ठेवा. आयडलिंग, २०००, आणि पूर्ण पेडल, तिन्ही ठिकाणी फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर काम बरोबर झालं. तिन्हीकडे सारख्याच टक्क्याने फरक असेल तर पाईपचा व्यास चुकलाय. आयडलिंगला जुळतं पण वर फरक पडतो, किंवा स्थिर आरपीएमला आकडा थरथरतो, तर सरळ लांबी कमी पडते आहे किंवा पातं तिरकं बसलंय. पूर्ण पेडलला आकडा आणि बूस्ट दोन्ही कमी, तर होज आतल्या बाजूला चेपते आहे. बोनेट उघडं ठेवून उभ्या गाडीत कुणाला तरी रेस द्यायला सांगा, चेपणारी होज डोळ्यांनी दिसते.

हवेच्या तापमानाचाही आकडा बघा. सलग चालत्या गाडीत तो बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांपर्यंत जास्त असणं चालेल. २५-३० अंश जास्त असेल तर फिल्टर बोनेटखालची हवा ओढतो आहे.

कोड आले तर

पी०१०२ म्हणजे एमएएफचा सिग्नल फार कमी. बहुतेक वेळा पिन ढिली किंवा १२ व्होल्ट पोचत नाही. पी०१०३ म्हणजे सिग्नल फार जास्त, बऱ्याचदा ग्राउंड तुटलेली. पी०१०१ आला तर वायर नाही, पाईप बघा: सिग्नल येतोय पण ईसीएमच्या हिशेबात बसत नाही. पी०११३ आणि तापमान उणे ४० दिसतंय, तर थर्मिस्टरची वायर जोडलीच गेलेली नाही. पी०११२ म्हणजे तीच वायर ग्राउंडला लागली. पी०४०१ किंवा पी०४०२ ईजीआरचे कोड आहेत, पण फिल्टर बदलल्यानंतर लगेच आले असतील तर ईजीआर खोलण्याआधी एमएएफचा आकडा जुळवा. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी: आधी क्लिपा, मग सोलेनॉइडची बारीक नळी, आणि सगळ्यात शेवटी टर्बो.

कोड घालवण्यासाठी एमएएफचा कपलर काढून ठेवणं, मध्ये रेझिस्टन्स टाकणं किंवा ईसीएममध्ये ईजीआर बंद करून घेणं, हे तिन्ही सल्ले मिळतील. कपलर काढला की ईसीएम ठरावीक अंदाजावर चालतं, डिझेल कापतं आणि बीएस-६ गाडीत डीपीएफचा हिशेबही त्याच अंदाजावर जातो. दुरुस्ती त्यातून होत नाही.

पाचशे किलोमीटरनंतर

सगळ्या क्लिपा परत एकदा कसा, रबर बसल्यावर त्या थोड्या ढिल्या होतातच. टर्बोआधीची होज काढा आणि आतून पांढरं कापड फिरवा. ब्रीदरच्या तेलाचा पातळ ओलसर डाग चालेल. करड्या पावडरीची रेघ दिसली तर ती ज्या जोडापासून सुरू होते तिथेच गळती आहे. एमएएफच्या आधीच्या पाईपातही धूळ असेल तर एलिमेंटचं सील डब्यात नीट बसत नाही. एलिमेंटच्या कडेला हलकं ग्रीस लावून बंद करा आणि उघडून बघा, ग्रीसचा ठसा पूर्ण गोल उमटायला हवा.

पावसाळा लागण्याआधी डब्याच्या तळाची चोच दाबून बघा, चिखलाने चिकटली असेल तर मोकळी करा. राख-कोळशाच्या रस्त्यावरच्या गाडीची ही चोच दर आठवड्याला दाबावी लागते. एमएएफचा स्प्रे दर फिल्टर बदलीला मारायची गरज नाही. आयडलिंगचा आकडा मूळ नोंदीपेक्षा ८-१० टक्के खाली आला की मारा. त्यासाठी ती नोंद असलेला कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा.